एकशे आठ वर्षांची वाट

जिंकणाऱ्याच्या मिरवणुकीत कोणीही नाचतो. हरणाऱ्याच्या मागे वर्षानुवर्षे उभी राहणारी माणसे निराळीच असतात. अशाच एका संघाची आणि त्याच्या वेड्या पाठीराख्यांची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे. संघ अमेरिकेतला, शिकागो शहराचा. नाव कब्स, म्हणजे अस्वलाची पिल्ले. खेळ बेसबॉलचा. मी 1969 साली शिक्षणासाठी शिकागोला गेलो आणि त्या वेड्यांत सामील झालो, तो आजतागायत.

आधी खेळ थोडक्यात समजावून घेऊ. क्रिकेट ठाऊक असलेल्याला तो अवघड नाही. दोन्हीकडे नऊ-नऊ गडी. पिचर चेंडू टाकतो, पण टप्पा न पाडता, थेट. फलंदाजाच्या हाती मुसळासारखी गोल बॅट. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे मारण्याजोगे चेंडू हुकले, की तो बाद. चेंडू नीट बसला तर बॅट टाकून पळत सुटायचे. मैदानात एक चौकोन असतो, त्याच्या चार कोपऱ्यांना चार बेस. ते ओळीने गाठून जिथून निघालो तिथे परत आलो, की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी दुसऱ्या संघाची. असे नऊ डाव. बरोबरी झाली तर दहावा, अकरावा, निकाल लागेपर्यंत. एका मोसमात प्रत्येक संघाचे 162 सामने होतात. एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज खेळ! त्यातून वर आलेले संघ ऑक्टोबरात भिडतात, आणि अखेरच्या झुंजीला ‘वर्ल्ड सिरीज’ असे भारदस्त नाव आहे. सातांपैकी चार सामने जिंकील तो अजिंक्य.

कब्सनी ही सिरीज 1907 आणि 1908 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. त्यानंतरचा विजय 2016 सालचा. मध्ये गेली एकशे आठ वर्षे!

माझे घरमालक या वेडातले जुने जाणते. “शेवटच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी माझा जन्म झाला. जरासा उशीरच झाला म्हणायचा!” असे ते हसून सांगत. त्यांनीच मला प्रथम रिग्ली फील्डवर नेले. 1914 साली बांधलेले हे मैदान भरवस्तीत आहे. शेजारच्या घरांच्या गच्च्यांवर बसून लोक सामना पाहत. मैदानाच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली लावलेला वेल पसरलेला. चेंडू त्या पानांत अडकला तर फलंदाजाला दोन बेस देण्याचा नियमच आहे. धावफलक माणसे हातांनी बदलत. सामना संपला की वर निशाण चढे: जिंकल्याचे एक, हरल्याचे दुसरे. घरी परतणारे लोक आगगाडीतूनच निशाण पाहून निकाल ओळखत.

तिथे तेव्हा दिवे नव्हते. मालकांनी 1941 साली दिव्यांचे सामान आणले होते, पण अमेरिका युद्धात उतरली आणि ते सामान युद्धकार्याला देऊन टाकले. पुढे 1988 पर्यंत घरचा प्रत्येक सामना दिवसाउजेडी झाला. त्यामुळे दुपारी रस्त्याने चालताना न्हाव्याच्या दुकानातून, वाण्याच्या दुकानातून, उघड्या खिडक्यांतून रेडिओवरचे तेच वर्णन कानी पडे. मी बेसबॉल पाहून शिकलो त्याहून अधिक ऐकून शिकलो.

त्या 1969 च्या उन्हाळ्यात कब्स सर्वांच्या पुढे होते. ऑगस्टच्या मध्याला नऊ सामन्यांची आघाडी! मला वाटले, आपला पायगुण चांगला दिसतो. घरमालक मात्र म्हणाले, “पानगळ होईपर्यंत थांब.” सप्टेंबर आला आणि संघ कोसळला. न्यूयॉर्कच्या मेट्सनी गाठले, मागे टाकले, आणि शेवटी कब्स आठ सामन्यांनी मागे राहिले. आमचा लाडका एर्नी बँक्स 512 होमरन मारून निवृत्त झाला, पण वर्ल्ड सिरीजचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही.

लोक म्हणत, हा शाप आहे. 1945 च्या सिरीजमध्ये एका गुत्त्याच्या मालकाने आपला बोकड मैदानात आणला, त्याला बाहेर काढले, आणि तो शाप देऊन गेला, अशी दंतकथा आहे. माझे मत विचाराल तर बोकड बिचारा निर्दोष आहे. 1961 साली मालकांनी एक व्यवस्थापक नेमण्याऐवजी बरेच शिक्षक नेमले आणि ते आळीपाळीने संघ चालवू लागले. एका घरात इतके कारभारी! 1964 साली लू ब्रॉक नावाचा तरणाबांड खेळाडू सेंट लुईसला देऊन टाकला, आणि त्याच वर्षी सेंट लुईस अजिंक्य झाले. याला शाप म्हणायचे की अव्यवहार, ते तुम्हीच ठरवा.

1984 साली पाचांपैकी तीन सामने जिंकायचे होते. पहिले दोन जिंकले आणि पुढचे तिन्ही हरले. घरमालकांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी.” पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. 14 ऑक्टोबर 2003 ची रात्र. कब्स तीन धावांनी पुढे होते, आणखी पाच गडी बाद झाले की वर्ल्ड सिरीज! एक उंच चेंडू प्रेक्षकांच्या कडेला आला, चार-पाच जणांनी हात पुढे केले, एका तरुणाचा हात लागला आणि खेळाडूचा झेल हुकला. पुढे आमच्याच खेळाडूने साधा सरपटी चेंडू सोडला, त्या डावात आठ धावा गेल्या, सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशीचाही गेला. पण सारे स्टेडियम त्या एकट्या तरुणावर ओरडत होते. त्याला पहाऱ्यात बाहेर न्यावे लागले. मी घरी टेलिव्हिजनपुढे बसून त्याला नको नको ते बोललो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हात पुढे केला असता, हे मला पक्के ठाऊक होते, तरी बोललो. त्या रात्री मला कळले की संघावरच्या प्रेमाला माणुसकीची वेसण नसेल तर ते प्रेम राहत नाही, नुसता जमाव होतो.

2011 साली थिओ एपस्टाइन या कारभाऱ्याच्या हाती सूत्रे आली. त्याने घाई केली नाही. 2012 मध्ये संघ 101 सामने हरला. पण रिझो, ब्रायंट अशी कोवळी पोरे जमवली, वाढवली. 2016 साली 103 सामने जिंकून कब्स वर्ल्ड सिरीजला गेले. क्लीव्हलंडविरुद्ध तीन-एक असे मागे पडले आणि तिथून बरोबरीला आले. 2 नोव्हेंबरला सातवा सामना. 6-3 अशी आघाडी आठव्या डावात पुसली गेली. नऊ डाव संपले, 6-6. आणि पाऊस आला! सतरा मिनिटे खेळ थांबला. तेवढ्या वेळात खेळाडू व्यायामाच्या खोलीत जमले, एकमेकांना धीर दिला. दहाव्या डावात दोन धावा काढल्या, एक दिली. 8-7. संपले!

मी नाचलो नाही. उठून घरमालकांच्या आठवणीने रेडिओ लावला. त्या दिवसांत लोक खडू घेऊन रिग्ली फील्डकडे चालले होते. विटांच्या भिंतीवर त्यांनी नावे लिहिली: आईची, बापाची, आजोबांची, वाट पाहता पाहता गेलेल्यांची. हात पोचेल तिथवर नावेच नावे. एक मुलगा तर तो सामना बापाच्या थडग्यापाशी बसून ऐकत होता. मीही गेलो आणि एक नाव लिहिले. पावसाने ते पुढे पुसले गेले असेल, हरकत नाही. पुढच्या वर्षी संघाच्या मालकांनी त्या 2003 च्या तरुणालाही विजयाची अंगठी दिली. मला त्या विजयाहूनही ही अंगठी मोठी वाटते.

2021 च्या जुलैत रिझो, ब्रायंट आणि बाएझ हे तिघे दोन दिवसांत दुसऱ्या संघांना देऊन टाकले. मग आपला संघ म्हणजे नेमके कोण? खेळाडू येतात, जातात, मालक बदलतात. उरतात ते बाकांवर शेजारी बसून “पुढच्या वर्षी” म्हणणारे लोक. संघ म्हणजे तेच.

बेसबॉलच्या चेंडूला 108 टाके असतात. आपल्या जपमाळेचे मणीही तितकेच. मणी ओढताना आपण देवाशी हिशेब मांडत नाही. तसेच हे.