ब्रेक थरथरतो तेव्हा

मोटार चालविणाऱ्याचा सर्वांत मोठा विश्वास कशावर असेल, तर तो पायाखालच्या ब्रेकवर. इंजिन बंद पडले तर गाडी फार तर वाटेत उभी राहते. पण ब्रेकने दगा दिला तर विचार करायलाही अवधी उरत नाही. म्हणूनच रोजच्या रस्त्यावर, फारसा वेग नसताना, ब्रेकचे पेडल एकाएकी पायाखाली थरथरू लागले, खालून करकर असा आवाज आला आणि गाडी अपेक्षेपेक्षा थोडी पुढे सरकली, की धीराचा चालकही दचकतो. त्याचा पाय नकळत वर उचलला जातो. वास्तविक ही थरथर बहुधा बिघाडाची खूण नसते. क्वचित मात्र ती बिघाडाचीच असते. या दोहोंतला भेद ओळखणे आज अगत्याचे झाले आहे. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना आणि १२५ सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना अँटिलॉक ब्रेकची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एबीएस’ची, सक्ती झाली, आणि त्यामुळे ही थरथर केव्हा ना केव्हा बहुतेक चालकांच्या अनुभवाला येणारच.

या व्यवस्थेचे मर्म घर्षणाच्या एका साध्या नियमात आहे. जड पेटी ढकलताना तिला जागची हलवायला जितका जोर लागतो, तितका ती एकदा सरकू लागल्यावर लागत नाही. रस्ता आणि टायर यांचेही तसेच आहे. चाक फिरत असते तोवर त्याचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जणू स्थिर असतो व रस्त्याला घट्ट धरून राहतो. ब्रेक जोरात दाबल्याने चाक जागच्या जागी जखडले, की टायर फरफटू लागतो आणि पकड ढिली होते. त्याहून मोठा धोका असा, की पुढची चाके जखडली असता स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही. ती आपली पहिल्याच दिशेने घसरत जाते. समोर आलेले मूल वा गुरू चुकवावयाचे तर गाडी वळली पाहिजे, आणि नेमके तेच तिला जमत नाही.

या अडचणीवरचा उपाय प्रथम विमानांच्या चाकांसाठी शोधला गेला. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाके जखडू नयेत म्हणून १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीची ‘मॅक्सरेट’ ही यांत्रिक रचना वापरात आली. १९६६ साली तीच रचना ‘जेन्सन एफएफ’ या मोटारीत बसविण्यात आली. पुढे विद्युत्-संगणनाचे युग आले आणि १९७८ साली बॉश या जर्मन कंपनीने सिद्ध केलेली आधुनिक व्यवस्था मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या मोटारींत दाखल झाली. आजची यंत्रणा मूलतः तिचीच वारस आहे.

तिची रीत अशी. चाकाबरोबर दात्यांचे एक कडे फिरत असते आणि त्याच्याजवळ, अगदी थोडे अंतर ठेवून, एक सेन्सर बसविलेला असतो. दाते समोरून जाऊ लागले की सेन्सरमधून विजेचे सूक्ष्म स्पंद निघतात. किती स्पंद आले यावरून चाकाची गती नियंत्रक यंत्राला कळते. सर्व चाके सारखी मंदावत असताना एखाद्याच चाकाची गती एकदम कोसळली, तर ते जखडू लागले असा निष्कर्ष नियंत्रक काढतो आणि त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर कमी करतो. चाक पुन्हा फिरू लागताच दाब पूर्ववत वाढवितो. ही उघडझाप एका सेकंदात अनेक वेळा चालते. झडपांची ही हालचाल आणि तेल परत ढकलणाऱ्या पंपाचा आवाज हेच पेडलच्या थरथरीचे व करकरीचे कारण.

आता ही यंत्रणा अनपेक्षित वेळी का जागी होते ते पाहू. पहिला प्रकार निर्दोष आहे. रस्त्यावर वाळू वा खडी सांडलेली असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिकट थर तयार होतो. रंगविलेले पांढरे पट्टे भिजून गुळगुळीत होतात. हिमाचल-काश्मीरच्या वाटांवर बर्फ असते. अशा ठिकाणी हलका ब्रेकही चाक जखडायला पुरतो. तसेच ब्रेक दाबलेला असताना गाडी खड्ड्यावरून किंवा स्पीडब्रेकरवरून गेली, तर चाकावरचा भार क्षणभर कमी होतो, ते चटकन मंदावते आणि यंत्रणा आपले काम करते. येथे चालकाला आश्चर्य वाटले तरी यंत्राचे काही चुकलेले नसते. उलट, रस्ता दिसतो त्यापेक्षा निसरडा आहे, अशी ती सूचनाच असते. सैल खडीवर किंवा वाळूत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. जखडलेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग साठवून त्यालाच अडते. अँटिलॉक ब्रेक तसे होऊ देत नाही. म्हणून अशा वाटेवर गाडी थांबायला अंतर जास्त लागू शकते. तेथे उपाय एकच : वेग आधीच कमी ठेवणे.

दुसरा प्रकार खऱ्या बिघाडाचा. कोरडा, सपाट, स्वच्छ रस्ता आहे, ब्रेक हलकाच दाबलेला आहे आणि गाडी थांबण्याच्या बेतात असताना, माणसाच्या धावण्याइतक्या वेगात, पेडल दरवेळी थरथरते, असे झाले तर चाक जखडलेले नसून त्याच्याविषयीची वार्ता खोटी येत आहे असे समजावे. सेन्सरच्या बैठकीखाली गंज चढला की तो सेन्सर कड्यापासून किंचित दूर ढकलला जातो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे स्पंद मुळातच मंद गतीला क्षीण होतात. त्यात अंतर वाढले, की ते नियंत्रकापर्यंत पोहोचतच नाहीत. गाडी चालत असूनही ते चाक थांबले आहे अशी नियंत्रकाची समजूत होते आणि तो नको तेव्हा ब्रेक सैल करतो. कड्याला तडा जाणे, सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटणे, बेअरिंग ढिले होणे, तार सोलवटणे, वेगळ्या मापाचे टायर बसविणे, यांचाही परिणाम असाच होऊ शकतो.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील थंड प्रांतांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने सेन्सरच्या बैठका गंजल्या आणि कमी वेगात अँटिलॉक ब्रेक विनाकारण चालू होऊन थांबण्याचे अंतर वाढू लागले. त्यामुळे २००५ साली जनरल मोटर्स कंपनीला १९९९ ते २००२ या वर्षांच्या बनावटीच्या सुमारे ८ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. भारतात रस्त्यांवर असे मीठ सहसा पडत नाही. पण समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते, हे कोकण-गोव्यातल्या रहिवाशांना सांगावयास नको.

या बिघाडात पुष्कळदा धोक्याचा दिवा लागतच नाही, कारण वार्ता पूर्णपणे तुटलेली नसते. म्हणून दिव्याची वाट न पाहता गॅरेज गाठावे आणि लक्षण नेमके सांगावे : किती वेगात, कशा रस्त्यावर, दरवेळी की कधीकधी. जाणता मेकॅनिक गाडी सावकाश थांबवीत चारही चाकांच्या गतीचे आकडे तपासणी यंत्रावर पाहतो. जे चाक इतरांच्या आधी शून्यावर येते, दोष तेथे. अनेकदा गंज खरवडून बैठक साफ करणे एवढ्यानेच काम भागते. यंत्रणेचा फ्यूज काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने थरथर थांबते आणि संकटकाळचे संरक्षणही जाते. यंत्रणेचा पिवळा दिवा लागलाच, तर साधा ब्रेक सामान्यतः चालू राहतो, पण चाके जखडू शकतात, हे जाणून दुरुस्तीपर्यंत बेताने चालवावे. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

आणि खरे संकट समोर उभे राहून पेडल थरथरले तर? ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. त्या सेकंदात घाबरून पाय उचलला, तर तेवढी वाट ब्रेकविना गेली. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना ब्रेक दाबून सोडण्याची, पुन्हा दाबण्याची सवय असते. ती येथे विसरावी, कारण ते काम यंत्र माणसाच्या पायापेक्षा कितीतरी चपळाईने करीत असते. पेडल घट्ट दाबून धरावे, नजर मोकळ्या वाटेकडे ठेवावी आणि गाडी तिकडे वळवावी. पायाखालची ती थरथर त्या वेळी ब्रेक निकामी झाल्याची नसते. चाके रस्ता धरून ठेवण्यासाठी झटत असल्याची असते.