घाना : का जावे, कसे जावे

परदेश प्रवासाचा विषय निघाला की आपल्या बेळगाव-निपाणी भागात दुबई, सिंगापूर, युरोप ही नावे सहज ओठांवर येतात. पश्चिम आफ्रिकेचे नाव घेतले, तर ‘तिकडे कशाला?’ हाच प्रश्न येतो. तथापि नोकरी-व्यवसायानिमित्त तिकडे गेलेल्या तरुणांचे आईवडील, क्वचित तान्हे मूल घेऊन निघालेली दांपत्ये, सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो, ते घाना या देशापुरते येथे एकत्र मांडतो. घानाला अवश्य जावे. मात्र तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी आणि परतल्यावरही काही महिने सावध राहावे, हे त्याचे सार.

प्रथम का जावे ते पाहू. गोव्याचे शेजारी असल्याने पोर्तुगीज इतिहास आपल्याला परका नाही. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. पण त्यापूर्वी, १४८२ साली, त्यांनी घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधला. पुढे या किल्ल्यात आणि जवळच्या केप कोस्टच्या किल्ल्यात माणसे गुलाम म्हणून कोंडली गेली आणि अटलांटिकपार विकली गेली. १९७९ पासून हे किल्ले जागतिक वारशात गणले जातात. त्या अंधाऱ्या कोठड्या पाहून माणूस अंतर्मुख होतो. तेथून जवळच काकुमचे अरण्य आहे. झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेल्या झुलत्या पुलांवरून ते पाहता येते. तंबाखूवर वाढलेल्या निपाणीकराला कोकोवर उभी असलेली तेथील गावे पाहताना आपलेपणा वाटेल.

डॉक्टरांसाठी आणखी एक कारण आहे. ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला. अंगावर सूज, केसांचा बदललेला रंग, चिडचिडे मूल ही त्याची लक्षणे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी अक्रा येथे काम करताना १९३३ साली या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये तेथील गा भाषेतले हे नाव वैद्यकशास्त्राला दिले. अर्थ असा : पाठचे भावंड आल्यावर बाजूला पडलेल्या मुलाचा आजार. आईचे दूध सुटलेले मूल मक्याच्या पेजेवर राहते, हे विल्यम्स यांनी हेरले. पण कारणाचा धागा तेथील आयांनी शब्दातच गुंफून ठेवला होता. रुग्णाच्या घरची भाषा ऐकावी, हा धडा सीमाभागात मराठी-कानडी दोन्ही ऐकणाऱ्या आपल्याला विशेष मोलाचा आहे.

दुसरा दुवा पुण्याचा. सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली मेंदूज्वराची ‘मेनआफ्रीव्हॅक’ लस २०१० पासून आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात दिली जाऊ लागली आणि ‘ए’ प्रकारच्या मेनिंगोकॉकसच्या साथी जवळजवळ थांबल्या. ऑक्सफर्डने विकसित केलेली व पुण्यात बनणारी ‘आर-२१’ ही मलेरियाची लस मान्य करणारा पहिला देश घानाच, वर्ष २०२३. ही लस तेथील बालकांसाठी आहे, प्रवाशांसाठी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता कसे जावे. पीतज्वराची लस व तिचे प्रमाणपत्र याविना घानात प्रवेश नाही. ही लस आमच्यासारख्या खाजगी दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच, पासपोर्ट दाखवून व आधी नोंदणी करून घ्यावी लागते. मुंबई, मुरगाव, बेंगळुरू येथे अशी केंद्रे आहेत. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते व आजन्म चालते. परतताना ते जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. आपल्याकडे पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून ही कडक शिस्त.

नऊ महिन्यांखालील बाळाला ही लस सहसा देत नाहीत. अशा बाळाला नेऊ नये, प्रवास पुढे ढकलावा, असे मी स्पष्ट सांगतो. गर्भवती, साठीपुढील व्यक्ती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

मलेरियाचे संकट याहून मोठे. तो वर्षभर, देशभर आढळतो, बहुतांशी फाल्सिपेरम प्रकारचा, आणि क्लोरोक्विन तेथे निरुपयोगी आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. ॲटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते. आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. ‘आम्हाला मलेरियाची सवय आहे’ या भ्रमात राहू नये. रात्री औषधयुक्त मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि त्वचेला लावायचे डासरोधक हवेच. डिसेंबर ते जून या काळात उत्तरेकडे जाणार असल्यास मेंदूज्वराची लसही घ्यावी.

नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ प्रवासास सोयीचा. सहाराकडून येणाऱ्या धुळीच्या वाऱ्यामुळे दमेकऱ्यांनी आपला पंप जवळ ठेवावा. इंग्रजी सर्वत्र चालते. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. रस्ता ओलांडताना सांभाळावे. देणे-घेणे उजव्या हाताने करावे, आपल्यासारखेच. चवळी आणि तळलेली केळी यांचे ‘रेड-रेड’ शाकाहारी माणसाला रुचेल. त्यात सुकी मासळी नाही ना, हे विचारून घ्यावे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. परतल्यावर तीन महिन्यांत, क्वचित त्यानंतरही, ताप आला, तर ‘मी आफ्रिकेतून आलो’ हे पहिले वाक्य असावे आणि रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. फाल्सिपेरम एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. बालकांत अधिक वेगाने. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की तापाच्या प्रत्येक रुग्णाला ‘गेल्या काही महिन्यांत कोठे प्रवास केला?’ हे जरूर विचारावे. या प्रश्नाला अर्धे मिनिट लागते आणि त्याने एखादा जीव वाचू शकतो.