जुनी पेटी पुन्हा बोलते तेव्हा

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात अर्धापूर येते. केळीच्या बागांचे हे गाव. येथील एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत काही वर्षांपूर्वी आम्हाला एक जुनी हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, दिसली. भाता फाटलेला, काही सूर मुके, तर एक सूर पट्टी न दाबताच सारखा वाजत राहणारा. भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीत तिचे नाव लागले होते. संगीताच्या बाई तेवढ्या हळहळत होत्या. पेटीत नेमके काय म्हातारे होते आणि काय होत नाही, हे पाहावे म्हणून आम्ही ती उघडली.

पेटीच्या पोटात

पेटीचा आवाज येतो तो रीडमधून. पितळेच्या जाड पट्टीला एक लांबट खाच असते आणि त्या खाचेवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली असते. हवेचा दाब पडला की जीभ खाचेत ओढली जाते, आपल्या स्थितिस्थापकत्वामुळे परत वर येते, पुन्हा ओढली जाते. हवेचा प्रवाह असा सेकंदाला शेकडो वेळा अडतो आणि सुटतो. तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. जीभ खाचेच्या कडांना न शिवता आरपार हलते, म्हणून हिला मुक्त रीड म्हणतात. चीनमधील शेंग या प्राचीन वाद्यात हेच तत्त्व आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने हवा भरण्याचे होते. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वादकासाठी हाताने भाता मारण्याची पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी घडवली.

आमच्या पेटीत ३७ पट्ट्या आणि खर्ज-नर अशा दोन ओळी, म्हणजे ७४ रीड होत्या. त्यांतल्या ७२ शाबूत निघाल्या! पितळ सहसा सडत नाही. मुके झालेले बहुतेक सूर केवळ खाचेत धूळ अडकल्याने मुके होते. पातळ कागद सरकवताच ते बोलू लागले.

मग बिघडले काय होते? चामडे, कापड आणि सरस. पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामडे लावलेली झडप असते. ते चामडे कसरीने खाल्ले की झडप नीट बसत नाही आणि सूर आपोआप वाजतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. सांधे उकलतात, पट्ट्या अडकतात. थोडक्यात, जुनी पेटी गळते आणि म्हणून धापा टाकते.

गळती कोठे आहे?

हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. हवेच्या खुंट्या बंद करून भाता मारावा आणि एकही पट्टी न दाबता आतल्या भात्यात हवा किती वेळ टिकते ते मोजावे. मग खुंट्या उघडून पुन्हा मोजावे. पहिल्याच वेळी हवा लवकर गेली तर दोष भात्यात. दुसऱ्या वेळी गेली तर झडपांत किंवा रीडच्या खणात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही उपयोगी पडतो.

दुरुस्तीसाठी आम्ही नांदेडच्या एका वृद्ध कारागिरांना गाठले. भात्याच्या घड्यांना त्यांनी मेंढीचे मऊ चामडे सरसाने चिकटवले. आधुनिक गोंद का नको, असे विचारल्यावर म्हणाले, "सरस गरम पाण्यानं सुटतो. पुढं कुणाला तरी ही पुन्हा उघडावी लागंल की." दुरुस्ती कशी असावी, याचा याहून चांगला धडा आम्ही कोठे वाचलेला नाही.

एक चूक

आता सूर मिळवणे. जिभेची वारंवारता तिच्या जाडीच्या समप्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मोकळ्या टोकाजवळ किंचित खरवडले तर तेथील वस्तुमान घटते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडले तर ताठपणा घटतो आणि सूर उतरतो. दोन रीड एकत्र वाजवून विस्पंदने मोजायची. एकीची वारंवारता २४० आणि दुसरीची २४२ असेल तर सेकंदाला दोन विस्पंदने ऐकू येतात. ती विरत गेली की सूर जुळले.

सूत्र ठाऊक असल्याच्या भरात आम्ही एक रीड स्वतः मिळवायला घेतली. चढली, म्हणून मुळाशी खरवडली. उतरली, म्हणून टोकाशी. शेवटी जीभ इतकी पातळ झाली की तुटलीच. खरवडलेले पितळ परत येत नाही. कारागिरांनी आधी धूळ काढली होती, गळती थांबवली होती. मग मोजक्याच रीडना हात लावावा लागला. धुळीच्या भारानेच बरेच सूर उतरले होते!

जुळलेली पेटी, तरीही...

पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पुढचा सूर मागच्याच्या सुमारे १.०५९५ पट. सा २४० धरला तर गायकाचा शुद्ध गंधार ३०० असतो, पेटीचा मात्र ३०२.४. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन-अडीच विस्पंदने! शिवाय पेटीवर मींड निघत नाही. अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. भजनी मंडळांनी मात्र पेटी कधीच सोडली नव्हती.

वर्गात करून पाहा

पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून २० सेंमी बाहेर ठेवा आणि छेडा. मग १० सेंमी ठेवा. लांबी निम्मी, तर वारंवारता चौपट. थरथर दिसेनाशी होऊन गुणगुण ऐकू येईल. आता टोकाला मेणाची गोळी चिकटवा. सूर उतरला का? ही गोळी म्हणजेच आमच्या पेटीतली धूळ.

ती पेटी आज त्या शाळेत प्रार्थनेला वाजते. तुमच्याही शाळेत अशी एखादी असेल, तर भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. कानशीला हात मात्र सर्वांत शेवटी लावा.