कापिशी : पंजशीर नदीचें द्राक्षखोरें

संस्कृत कोशांच्या पोथ्या चाळणाऱ्यांस ‘कापिशायन’ हा मद्यवाचक शब्द परिचित असेल. ‘कपिश’ म्हणजे पिंगट. तेव्हां हें नांव मद्याच्या रंगावरून पडलें असावें, असा तर्क सहज सुचतो. आमच्या मतें तो ग्राह्य नाहीं. निर्णय व्याकरणानें होतो व भूगोलानें त्यास पुष्टि मिळते.

पाणिनीनें (४।२।९९) ‘कापिशी’ या स्थलनामास स्वतंत्र प्रत्यय सांगितला असून, काशिकेंत त्याचीं उदाहरणें म्हणून तेथील मधु व तेथील द्राक्षें हींच दिलीं आहेत. कौटिल्यही द्राक्षरसाच्या मद्यास देशावरून नांवें पडल्याचें सांगतो व त्यांत कापिशायन गणतो.

ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें बेग्राम, असें बहुतेक संशोधक मानतात. हिंदुकुशांत अंजुमन घाटाच्या बाजूस उगम पावून पंजशीर नदी अरुंद दरींतून नैर्ऋत्येस वाहते व गुलबहारपाशीं मैदानांत उतरते. पुढें पश्चिमेकडून तिला घोरबंद मिळते. या संगमाच्या परिसरांतच बेग्रामचे अवशेष आहेत. तेथून आग्नेयीस वळून ती काबूल नदीस मिळते, आणि तें पाणी मराठी वाचकांच्या ओळखीच्या अटकेजवळ सिंधूंत जातें.

बेग्रामपासून काबूलकडे पसरलेला कोहदामनचा प्रदेश द्राक्षांचा आहे. उन्हाळा कोरडा, पाणी मात्र वितळत्या बर्फाचें. वेली मांडवावर न चढवितां मातीच्या उंच वरंब्यांवर पसरूं देतात व मधल्या चरांतून पाणी सोडतात. भिंतींत झरोके ठेवलेल्या मातीच्या घरांत घड सावलींत टांगले म्हणजे हिरवे बेदाणे तयार होतात. १९९९ सालच्या युद्धांत येथील पुष्कळ बागा जाळल्या गेल्या. पुढें त्या पुन्हा लावण्यांत आल्या. मद्य गेलें, द्राक्ष राहिलें.

नाण्यांचा पुरावाही बोलका आहे. युक्रेटाइडीसच्या नांवाच्या एका नाण्यावर ‘कापिशीची नगरदेवता’ या अर्थाचा खरोष्ठी लेख आहे. १८३३ पासून चार्ल्स मॅसननें बेग्राम येथें हजारों नाणीं जमविलीं. १९३७ व १९३९ सालच्या फ्रेंच उत्खननांत बंद कोठ्यांतून हस्तिदंती कोरीवकाम व काचपात्रें निघालीं.

एक सावधगिरी अवश्य हवी. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांतील ‘कपिशा’ नदी पूर्वेकडील आहे. ती उतरून रघु कलिंगाकडे जातो. तिचा या कापिशीशीं संबंध नाहीं. पोथींत ‘कपिशायन’ असें आढळल्यास आद्य आकार लेखकाच्या हातून सुटला काय, हें प्रथम पाहावें. ज्यांच्या संग्रहीं कोशांच्या जुन्या प्रती असतील त्यांनीं हा पाठ पडताळावा, अशी आमची विनंति आहे. एका मात्रेनें नगराचा रंग होतो.