नर्सबाईचे काम आणि आशाताईचा हात

कर्जत व खालापूर हे तालुके मुंबईकरांस माथेरान, खोपोली आणि बोरघाट यांवरून परिचित असतात. रेल्वेच्या रुळांपासून आत वळले म्हणजे मात्र डोंगराच्या पदरी ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, जी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली, तेथे पोहोचावयास पायवाटेवाचून मार्ग नव्हता. अशा मुलखासाठी सरकारी माप 3000 वस्तीस एक उपकेंद्र असे आहे. तेथील नर्सबाईने प्रत्येक बाळंतिणीच्या दारी वेळेवर जावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

म्हणून तिचे काही काम आशाताईकडे येते. ही योजना 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर निघाली. आशा ही त्याच गावची स्त्री. तिला प्रशिक्षण मिळते, कामागणिक मोबदला मिळतो. परंतु परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नर्सबाईप्रमाणे तिचे नाव नसते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळास ती 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी जाऊन पाहते. घरी जन्मलेल्यास पहिल्या दिवशीही. वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, आईस अंगावर पाजण्यास साहाय्य करावयाचे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. काम सोपविणे निराळे आणि निर्णय सोपविणे निराळे. बाळाचे श्वास मिनिटभर मोजणे हे डोळ्याचे काम आहे; ते शिकविता येते. पुन्हा मोजूनही ते 60 वा अधिक भरले तर तत्काळ कळवावे, हेही शिकविता येते. परंतु बाळ मलूल का आणि उपचार कोणता, हे नर्सबाईने व डॉक्टरांनीच ठरवावयाचे. ‘बाळावर जरा लक्ष ठेव’ एवढे सांगून निघून जाणारी बाई काम सोपवीत नाही, टाकून देते. आणि अनर्थ ओढवला म्हणजे दोष मात्र आशाताईच्या पदरी पडतो!

ही मर्यादा सर्वत्र एकच असते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील आरोग्यदूत स्त्रियांस, जंतुदोष झालेल्या नवजात बालकास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यासही शिकविले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे तेथील नवजात बालमृत्यू हजारी 62 वरून सुमारे 26 वर आले. मात्र त्यामागे जाणत्यांची नियमित देखरेख होती. ती वगळून केवळ सुई तेवढी उचलणे घातक होय.

कर्जत-खालापूरकडे आणखी एक अडचण आहे. दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. चौदाव्या दिवशी पाहिलेले बाळ एकविसाव्या दिवशी दुसऱ्याच तालुक्यात असते आणि सोपविलेले काम तेथे तुटते. कुटुंब निघण्यापूर्वी आशाताईने नर्सबाईस कळवावे, नर्सबाईने भट्टीकडील उपकेंद्रास. आणि माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या गाठोड्यात आहे ना, हे पाहावे. तिकडच्या बाईला बाळाचे मागचे वजन कळावयास बहुधा तेवढाच एक कागद असतो.