शेपटीचे चार केस

संकर म्हणजे काय, हे मावळात कुणाला समजवावं लागत नाही. तो रोज ताटात असतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण काढला, १९८७ साली. वास आंबेमोहराचा, उतारा आयआर-८चा. पण तो वास नेमका कुठल्या गुणसूत्राच्या कुठल्या तुकड्यात लपलाय? हाच प्रश्न गुरांच्या वजनाबद्दल, दुधाबद्दल विचारला की जनुकीय नकाशाचं काम सुरू होतं.

गाईच्या शेपटीच्या गोंड्यातले चार केस मुळासकट उपटा. टोकाला पांढुरका ठिपका दिसेल, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. त्यात अख्खी गाय लिहिलेली असते, ३० गुणसूत्रांच्या जोड्यांत! चिप नावाची काचपट्टी त्यातल्या पन्नासेक हजार जागांवरची अक्षरं वाचते. मग हजारो जनावरांची अक्षरं आणि वजनं शेजारी ठेवायची. ज्या जागेवरचं अक्षर बदललं की वजनही बदलताना दिसतं, तिथे खूण करायची.

बेल्जियन ब्ल्यू जातीचा बैल पाहिलात तर तालमीतला पैलवान वाटेल. १९९७ साली कारण सापडलं: स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातली अवघी ११ अक्षरं गळाली होती. (या जातीची वासरं इतकी दांडगी की गाईचं बहुधा सिझेरियनच करावं लागतं. हे वाचल्यावर माझं कौतुक जरा ओसरलं.)

आपल्याकडे २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी, त्यामुळे गाईच्या बाबतीत गणित मांसाचं नाही, दुधाचं. चौदाव्या गुणसूत्रावर डीगॅट-१ नावाचं जनुक आहे. त्याचं एक रूप दुधाला जास्त स्निग्धांश देतं, आणि देशी गाईंत जवळजवळ सर्रास तेच आढळतं. गावठी गाईच्या दुधावरच्या जाड सायीला निदान एक पत्ता तरी मिळाला.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिम जिल्ह्यात देशी गुरांसाठीच्या ‘गौ चिप’चं लोकार्पण झालं. चिप आली, पण नुसत्या केसांवर नकाशा होत नाही. ज्या गाईचे केस, तिच्या दुधाची, वजनाची, वेतांची नोंदही लागते, आणि ती प्रयोगशाळेत नाही, गोठ्यात होते. तुमच्या गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असेलच. आज धार काढून झाली की तो आकडा आणि लिटर वहीत लिहून ठेवा.