'कॅव्हेट दाखल' म्हणजे नक्की काय झालं?

मोठ्या खटल्याचा निकाल लागला की थोड्याच वेळात मोबाईलवर ओळ झळकते, 'सुप्रीम कोर्टात कॅव्हेट दाखल'. खाली कमेंट सुरू. कुणी म्हणतं स्टे मिळाला, कुणी म्हणतं अपील केलं. खरं तर यातलं काहीच झालेलं नसतं.

कॅव्हेट म्हणजे कोर्टाला आधीच देऊन ठेवलेली सूचना. 'समोरचा पक्ष या प्रकरणात तुमच्याकडे येईल, तेव्हा आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका,' एवढंच त्यात म्हटलेलं असतं. त्यामुळे निकालानंतर ते बहुतेक वेळा जिंकलेला दाखल करतो, हरलेला नाही.

याची गरज काय? हरलेला माणूस अपिलासोबत पहिली मागणी स्थगितीची करतो. घाईचं प्रकरण असेल तर कोर्ट एकच बाजू ऐकून अंतरिम आदेश देऊ शकतं. मग जिंकलेल्याला कळतं ते थेट आदेश झाल्यावर. हे टळावं म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आलं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण मराठा आरक्षणाचं. २७ जून २०१९ रोजी मुंबई हायकोर्टाने टक्का कमी करून आरक्षणाचा कायदा वैध ठरवला. आरक्षणाच्या बाजूने लढणाऱ्यांनी लगेच सुप्रीम कोर्टात कॅव्हेट टाकलं. जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली नाही. पण ९ सप्टेंबर २०२० ला अंमलबजावणी थांबवली आणि ५ मे २०२१ ला कायदाच रद्द केला. कॅव्हेटमुळे बाजू मांडायची संधी मिळते, निकालाची हमी नाही.

गंमत म्हणजे हे गुपचूप करता येत नाही. कॅव्हेट टाकणाऱ्याने समोरच्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवावी लागते. म्हणजे 'तू अपिलात जाशील असं मला वाटतंय' हे आपणच त्याला कळवायचं! त्या बदल्यात त्याने अर्ज केला की अर्जाची आणि कागदपत्रांची प्रत त्याने आपल्याला द्यायची, पण खर्च मात्र आपला.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते मुदतीत. कॅव्हेट ९० दिवसच चालतं. भावकीतल्या बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात जिंकलात, तर समोरच्याला जिल्हा न्यायालयात अपिलासाठी साधारण ३० दिवस असतात. पण उशीर माफ करून घेऊन तो नंतरही अपील करू शकतो, आणि तोवर तुमचं कॅव्हेट संपलेलं असू शकतं. म्हणून दाखल केल्याची तारीख लिहून ठेवा आणि ९० दिवस भरायच्या आत नवीन टाकायचं का, हे वकिलांना विचारा.